बोट टेकवलं की गर्जना

“...मग मी आवाज निम्म्यावर आणला, तरी अक्का थांबल्याच. अजून किती कमी करू, बुवा?”

रावजीबुवा परातीत कणीक मळत होते.

मळत होते, असं आपलं म्हणायचं. बुवांचे हात अलीकडे कापतात. त्यामुळे निम्मी कणीक परातीत असते आणि निम्मी धोतरावर. पण ती परात ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. मठाच्या स्वयंपाकघरात एवढ्या बाया आहेत, एकीचीही त्या परातीला हात लावायची छाती होत नाही.

ही कणीक पोळ्यांची नव्हे, पखवाजाची. वाजवायच्या आधी पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापतात. तो थापला की कातड्याचा फाजील दणका मरतो आणि डावी बाजू खोल बोलायला लागते. वाजवून झालं की कणीक खरवडून गाईला घालायची. दुसऱ्या दिवशी नवी मळायची.

बुवांचं वाजवणं थांबून वर्ष होऊन गेलं. कणीक मात्र रोज मळली जाते, रोज थापली जाते. कशाला, असं कुणी विचारलं तर ते म्हणतात, “मी थकलोय त्ये वाद्याला काय ठावं?”

आवाज किती कमी करू, असं विचारणारा इंद्रजित. बुवांचा शिष्य, म्हणजे एके काळचा. ह्याच ओसरीवर बसून तो पखवाज शिकला, चांगला शिकला आणि एक दिवस उठून ऑर्केस्ट्रात गेला. आता त्याला सगळे इंद्रा पॅडवाला म्हणतात. रबरी पॅड, त्यांच्या वायरी, आणि वायरी जातात ते मशीन. पॅडवर काठी पडली की मशीन ढोल म्हणाल तर ढोल, संबळ म्हणाल तर संबळ, पखवाज म्हणाल तर पखवाज वाजवतं.

गळ्यात चेन, पायांत पांढरे शुभ्र बूट, मठाच्या ओसरीवरही न काढलेले. त्या बुटांवर धूळ बसली तर इंद्रा बोलता बोलता वाकून पुसतो. माणूस वाईट नाही. आपण आलो की कार्यक्रमाला सुरुवात झाली असं त्याला वाटतं, एवढंच.

आज सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी हौसाअक्का गवळण म्हणणार होत्या.

ही साधी गोष्ट नव्हती. अक्कांची गवळण ऐकायला नदीपलीकडून माणसं येत. गेल्या साली त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. पुढं थोडा परत आला, पण बारीक. चाळणीतून पीठ पडावं तसा. वर्षभर त्या नुसता टाळ धरून बसल्या. ह्या सप्ताहात आपण होऊन म्हणाल्या, शेवटच्या दिवशी एकदा बघते.

साथीला पखवाज हवा होता. बुवांचे हात हे असे. इंद्राच्या कानावर गेलं आणि तो न बोलावता आला. पॅड घेऊन आला.

दुपारच्या तालमीत अक्का पहिल्याच ओळीला थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच. मग त्यांनी टाळ खाली ठेवला.

“बाळा, तुझं चांगलंय. मलाच जमंना. सांजच्याला मी आपली बसून ऐकीन.”

आणि खांबाशी जाऊन वाती वळत बसल्या.

अक्का आज गायल्या नाहीत तर पुन्हा कधी गाणार नाहीत, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला कळलं. मला इंद्राचा भयंकर राग आला. त्यालाही कळलं असावं, कारण तो बूट न पुसता बुवांसमोर येऊन बसला होता.

“बुवा, काय तरी बोला की.”

“कुठं कमी केलास?”

“काय?”

“आवाज. कुठं कमी केलास?”

“मिक्सरवर. स्पीकरला जातोय तिथं.”

“म्हंजे भाईर पडताना.”

“व्हय. समदे तिथंच करत्यात.”

“बरं.”

बुवांच्या ‘बरं’ला मठात भलेभले टरकतात. त्यानंतर काय येईल सांगता येत नाही.

“एक पॅड आण हिकडं.”

इंद्राने सगळाच संच ओढून आणला. मशीन चालू केलं, लहान स्पीकर जोडला. वाद्य दाखवायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा थोडा खुलला.

“हे पॅड मी स्वतः बनवलेत, बुवा. रबराच्या खाली पत्रा हाय. पत्र्याला खालनं सेन्सर चिकटवलाय, रुपयाएवढा. वर काठी पडली की पत्रा हलतो, सेन्सरला कळतं, त्यो मशीनला सांगतो. बाजारातल्या पॅडपेक्षा माझा सिग्नल लई तगडा. नुसती टिचकी मारली तरी मागच्या रांगेपर्यंत!”

“मार.”

इंद्राने काठी उचलली.

“काठीनं न्हाई. टिचकी.”

त्याने टिचकी मारली.

धडाम्!

आढ्यातली कबुतरं फडफडत उडाली.

“आता बुक्की.”

धडाम्! तोच आवाज, तेवढाच. फक्त उडायला आता कबुतरं नव्हती.

“आता नुसतं बोट टेकव.”

धडाम्!

बुवांनी पॅडवर वाकून बघितलं.

“बोट काय आणि बुक्की काय... तुझ्या मशीनला एकच?”

“सिग्नल तगडा हाय नव्हं.” इंद्राने मशीनवरची पट्टी दाखवली. काठी पडली की ती उजळत वर चढते. “ही बघा, लगेच वरपर्यंत भरती. भरली की त्याच्या पुढं जायाला जागाच न्हाई.”

“आणि मिक्सरवर कमी केलं की?”

“मग ती भरलेलीच पट्टी जरा बारीक...”

बोलता बोलता इंद्रा थांबला.

खांबाशी बसलेल्या अक्का वातीवरची नजर न काढता म्हणाल्या, “शेजारच्या गल्लीतलं भांडण ऐकू यावं तसं. बारीक येतंय, पन भांडणच.”

इंद्राला ते चांगलंच झोंबलं.

“अक्का, मिरवणुकीत ह्याच आवाजावर पब्लिक नाचतंय!”

“नाचू दे की. मी कुठं न्हाई म्हणतीया?”

बुवांनी कणकेवर ओला हात फिरवला.

“एवढं तगडं कशापायी केलंस?”

इंद्रा गळ्यातली चेन बोटाभोवती गुंडाळायला लागला. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“तुमच्याकडं वाजवत होतो तवा...”

“व्हय.”

“माणसांनी मठ भरायचा. वीणा ऐकू यायची. टाळ ऐकू यायचे. अक्का तर नदीपार जायाच्या. मी घाम फुटंपर्यंत वाजवायचो. एकदा सप्ताह झाल्यावर घरी गेलो, तर आई म्हणाली, आज वाजवायला बसला न्हाईस व्हय? ...ती पयल्या रांगेत बसली होती, बुवा.”

बुवांचा हात कणकेवर थांबला.

“त्या दिवशी ठरवलं. इथनं पुढं आपण ऐकू आलो न्हाई असं व्हायचं न्हाई.”

हे तो हळू बोलला. इंद्रा हळू बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला. माझा राग तिथंच निवला.

“मी हात ठेवून बघू?” बुवांनी विचारलं.

“ठेवा की.”

बुवांनी धोतराला हात पुसला आणि उजवा पंजा पॅडवर टेकवला. नुसता टेकवला. पण तो हात कापणारा.

धडाम् धडाम् धडाडधडाड धडाम्...

स्वयंपाकघरातून बाया हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. शेजारच्या पॅडलाही हादरा बसला आणि तो न मारताच झांजेसारखा खणखणायला लागला. इंद्राने झेप घेऊन वायर उपटली.

एक बाई हसली आणि बाकीच्यांकडे बघून गप्प झाली.

“बघितलंस?” बुवा म्हणाले. “हा कंप मी चारचौघांत उपरण्याखाली झाकून बसतो. तुझं यंत्र गावाला वरडून सांगतंय.”

बोलताना ते हसले खरे, पण हात चटकन मांडीखाली घेतला. इंद्राने मान खाली घातली.

“माफ करा, बुवा.”

“माफ काय करायचंय त्यात? पखवाज दे.”

इंद्राने भिंतीशी ठेवलेला पखवाज उचलून त्यांच्यासमोर आडवा ठेवला. किती वर्षांनी त्याने त्याला हात लावला होता, कुणास ठाऊक. बुवांनी कणकेचा गोळा डाव्या तोंडावर थापला. कडेपासून मधे, मग मधून कडेला, बोटांनी सारखा करत. हात कापत होते, कणीक मात्र बरोबर तिच्या जागी बसली.

मग त्यांनी डावा पंजा तिच्यावर ठेवला आणि डोळे मिटले.

आधी काहीच ऐकू आलं नाही. इंद्रा पुढं वाकला. आणखी वाकला.

गुम्... गुम् गुम्... गुम्...

कंप तोच होता. पण आता त्याने कुणी धावत आलं नाही. बायांनी हातातलं पीठ झटकलं आणि तिथंच उभ्या राहिल्या.

खांबाशी वाती वळणं थांबलं.

अक्का गुणगुणत होत्या. शब्द नव्हते, ओठही नीट उघडले नव्हते. पण चाल गवळणीचीच होती. पहिली ओळ गेली. दुपारी जिथं त्या दोनदा अडल्या ती जागा आली आणि मागं पडली. दुसरी ओळ अर्ध्यावर आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडे बघताहेत. त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि गप्प झाल्या.

“आता कशा न्हाई थांबल्या?” इंद्राने कुजबुजत विचारलं. “बुवा, तुम्ही काय वाजवलंत?”

“मी कुठं वाजवत होतो?”

...

इंद्राने पखवाजावरची कणीक निरखून बघितली. मग त्याने जे केलं ते शहाण्या माणसाने करू नये, पण शिष्य हटकून करतात. परातीत उरलेली कणीक उचलली आणि आपल्या पॅडवर फटकन थापली. वायर जोडली, काठी घेतली.

पहिला ठोका दबका आला. इंद्राचे डोळे चमकले. दुसराही बरा होता. तिसऱ्याला कणीक काठीला चिकटून उडाली आणि बुवांच्या मिशीवर जाऊन बसली.

हौसाअक्का खळखळून हसल्या. त्या दिवसभरात त्यांच्या गळ्यातून निघालेला तो पहिला मोकळा आवाज.

बुवांनी मिशीवरची कणीक पुसली.

“ही पखवाजाची कणीक, इंद्रा. तुझ्या वाद्याची कणीक मला ठावं न्हाई. ती तूच शोध.”

“सांजेच्या आत?”

“अक्का काय उद्या गाणार हायेत?”

इंद्रा कामाला लागला.

आधी त्याने मशीनमधली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती हलका ठोका टिपायचा ते माप, शेवटापर्यंत खाली आणली. मिरवणुकीसाठी त्यानेच ती वर चढवून ठेवली होती. टिचकी मारली. पट्टी वरपर्यंत भरली.

“तरी भरतंय. मशीनला येऊन पोचायच्या आधीच त्ये भरलेलं हाय...”

हे तो स्वतःशीच बोलला. मग पॅड उलटा केला आणि स्क्रू काढले. आत पत्रा आणि पत्र्याला घट्ट डिंकाने बसवलेला सेन्सर. काठी जिथं पडते, बरोबर त्याच्या खाली. इंद्राने त्यावर बोट फिरवलं.

“समदा मार ह्यो एकटाच खातोय. मधे काय ठेवलंच न्हाई मी.”

ब्लेडने त्याने सेन्सर सोडवला, फार सांभाळून. आता पत्र्याच्या आणि त्याच्या मधे घालायला काहीतरी मऊ हवं होतं. त्याने पेटी धुंडाळली. पेटीत वायरी होत्या, बटणं होती, सोल्डरिंगची कांडी होती. मऊ असं काही नव्हतं.

मग त्याची नजर खाली गेली... आपल्या पायांकडे.

पांढरे बूट त्याने काढले. आतल्या जाड स्पंजाच्या पट्ट्या उपसल्या. क्षणभर त्या हातात धरून बसला. मला वाटलं आता परत घालेल. पण त्याने कात्री घेतली आणि सेन्सरच्या मापाचे गोल कापायला सुरुवात केली.

स्पंज पत्र्याला चिकटला, सेन्सर स्पंजाला चिकटला. मग पॅडकडून मशीनकडे जाणाऱ्या वायरीत त्याने एक लहानसं फिरवायचं बटण जोडलं. सिग्नल मशीनमध्ये शिरायच्या आधी तिथं कमी करता येईल म्हणून. बुवा हे सगळं लहान मुलाच्या कौतुकाने बघत होते. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

इंद्राने टिचकी मारली.

काहीच नाही.

काठी मारली. काहीच नाही. त्याला दरदरून घाम फुटला. अंगणात समया पुसून ठेवल्या होत्या, माणसं हातपाय धुऊन येऊन बसायला लागली होती.

“बुवा, मेलं! समदं मेलं!”

“किती बरं वाटलं कानाला.”

“चेष्टा करू नका, बुवा. अक्कांची वेळ झाली.”

“एवढा वेळ लई होतं, आता कायच न्हाई. मधी काय नसतंय व्हय तुझ्या बटणात?”

इंद्राने बटण केसभर फिरवलं. टिचकी. पट्टी तळाशी थरथरली. आणखी केसभर. टिचकी मारली तर बोटभर चढली. थाप मारली तर निम्म्यावर गेली. बुक्की मारली तेव्हा वरपर्यंत भरली. शेजारचा पॅड गप्प होता.

मग त्याने नुसतं बोट टेकवलं.

गुम्...

इंद्राचा जीव भांड्यात पडला. त्याने पुन्हा बोट टेकवलं, आणखी हलकं. आवाज आणखी हलका आला. तो तेवढंच करत बसला. किती हळू वाजतं ते बघत. समया लागल्या तरी त्याला पत्ता नव्हता.

मग उठून तो अनवाणीच खांबाशी गेला आणि अक्कांच्या समोर जमिनीवर बसला.

“अक्का, चला.”

“मी ऐकीन म्हटलंय नव्हं, बाळा?”

“तुम्ही म्हणा. तुम्ही जिथं थांबाल तिथं तुमच्या आधी मी थांबीन.”

अक्कांनी त्याच्याकडे नीट बघितलं.

“आणि न्हाई थांबलास तर?”

“तर समदे पॅड नदीत टाकीन.”

“नदी कशाला घाण करतोस?”

त्यांनी वातींचं ताट बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

मठ भरला होता. अक्का उभ्या राहिल्या आणि मागच्या माणसांपर्यंत शूऽ शूऽ करत शांतता गेली. इंद्राने काठ्या गुंडाळून पिशवीत ठेवल्या होत्या. मशीनवर पखवाजाचा आवाज लावला होता आणि पॅडवर नुसती बोटं होती.

पहिली ओळ आली. बारीक, जरा खरखरीत, पण आली. इंद्राची बोटं तिच्या मागून चालली. अक्का थांबल्या नाहीत.

मागच्या रांगेतल्या कुणालातरी ऐकू येईना. तो उठला आणि पंखा बंद करून आला. मग पुढच्या रांगेतल्या माणसाने दुसरा पंखा बंद केला. एका बाईने रडक्या पोराला पदराखाली घेतलं. उकडत होतं, पण कुणी हललं नाही.

दुसऱ्या कडव्यात आवाज वर न्यायचा होता. अक्कांनी नेला आणि तो मधेच तुटला.

इंद्राचा हात हवेत होता. तो खाली आला नाही.

...

अक्कांनी श्वास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. त्या खांबाकडे बघतात की काय असं मला वाटलं. मग इंद्राने एक बोट अगदी अलगद पॅडवर टेकवलं. मशीनवरची पट्टी तळाशी जेमतेम उजळली.

गुम्.

अक्कांनी ओळ पुन्हा धरली. वरच्या सुरात नाही, खाली, जिथं त्यांचा आताचा आवाज राहतो तिथं. जुनीच गवळण, पण अशी आम्ही कधी ऐकली नव्हती. शेजारच्या म्हाताऱ्याने माझा दंड घट्ट धरला होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

शेवटची ओळ सगळ्या मठाने उचलली. माणसं, बाया, टाळ, सगळे एकदम. तेव्हा इंद्राने पंजा उघडला आणि पूर्ण हाताने थाप मारली. पट्टी तळापासून चढत गेली. आता तिला चढायला जागा होती. तो दणका अंगावर आला नाही, तळव्यांखालच्या फरशीतून आला.

मग पुन्हा बोटं राहिली. मग एकच बोट. मग तेही नाही.

बायांनी अक्कांना गराडा घातला. कुणी पाया पडत होतं, कुणी नुसतंच धरून उभं होतं. अक्का रडत होत्या आणि मधेच ओरडत होत्या, “आगं, मला चहा द्या की कुणी तरी! घसा सुकला माझा!” त्या ओरडण्याचाही आम्हांला आनंद झाला.

इंद्रा वायरी गुंडाळत होता. मागच्या रांगेतला एक गृहस्थ त्याच्याजवळ आला आणि खांद्यावर हात टाकून म्हणाला, “इंद्रा, आज तुझे पॅड दिसले, पन वाजले न्हाईत वाटतं? पखवाज मात्र झ्याक झाला. बुवांनी वाजवला काय?”

इंद्राने तोंड उघडलं. मला वाटलं आता सुरू होईल: पॅड कसे बनवले, सेन्सर कुठून आणला, सगळं.

“...मठातलाच पखवाज,” तो म्हणाला आणि पुन्हा वायरी गुंडाळायला लागला.

बुवा ओसरीवर पखवाजाची कणीक खरवडत होते. इंद्रा येऊन समोर बसला. पायांत बूट नव्हते आणि तळवे धुळीने माखले होते.

“बुवा.”

“हं.”

“आज पन कुणाला ऐकू आलो न्हाई.”

बुवांनी कणकेचा गोळा त्याच्या हातावर ठेवला.

“गाय वाट बघती.”

इंद्रा गोठ्यात गेला. गाईला कणीक घातली, तिच्या मानेवरून हात फिरवला आणि परत येऊन तिथंच बसला. बुवांनी पखवाजावर फडकं टाकलं होतं. अक्कांचा चहा झाला होता आणि त्या कुणालातरी दुसरं कडवं गुणगुणून दाखवत होत्या. दोघेही ते ऐकत राहिले.

“बुवा,” इंद्रा थोड्या वेळाने म्हणाला, “तवा... आईला ऐकू आलो नव्हतो, त्या दिवशी... तुम्हाला ऐकू येत होतो का मी?”

बुवांनी शेजारची परात उचलली. रिकामी परात त्यांच्या हातात खडखडत होती. ती त्यांनी पुढं सरकवली आणि इंद्राच्या मांडीशी टेकवली.

“उद्या कणीक तू मळ.”